राजाने सही केली नाही : मुसोलिनी सत्तेवर कसा आला

(दृश्य : मिलान शहराची जुनी छायाचित्रं. मशाली, गर्दी, खांद्यावर शवपेटी.)

नोव्हेंबर १९१९. उत्तर इटलीतलं मिलान शहर. निवडणुकीचा निकाल लागलाय आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी मशाली पेटवून मिरवणूक काढलीय. खांद्यावर शवपेटी आहे, पण आत कोणी नाही. ही अंत्ययात्रा आहे बेनितो मुसोलिनीच्या राजकारणाची. मिलानमधल्या सुमारे दोन लाख सत्तर हजार मतांपैकी त्याच्या यादीला पाच हजारसुद्धा पडलेली नाहीत. हा माणूस संपला, असं त्या रात्री मिलानमध्ये सगळेच म्हणत होते.

त्यानंतर तीन वर्षंही उलटली नाहीत. ३० ऑक्टोबर १९२२ रोजी हाच माणूस इटलीचा पंतप्रधान झाला. वय ३९. त्याला राजाने रीतसर बोलावणं पाठवलं होतं. संसदेने त्याच्यावर रीतसर विश्वास दाखवला. पुढची वीस वर्षं इटली त्याच्या मुठीत राहिली.

मधल्या तीन वर्षांत काय घडलं, ते आज आपण पाहणार आहोत. मुसोलिनीची भाषणं, ती पुढे आलेली हनुवटी, तो सज्जा, हे सगळं आपण पुष्कळदा पाहिलेलं असतं. त्यामुळे वाटतं की एका माणसाच्या वाणीने देश भारला. मला ते पटत नाही. १९१९ मध्येही त्याची वाणी तीच होती, लेखणी तीच होती. तेव्हा लोकांनी त्याला झिडकारलं. बदल झाला तो त्याच्या आजूबाजूला.

(दृश्य : आल्प्समधली युद्धभूमी. बर्फात खंदक खणणारे सैनिक.)

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इटली तटस्थ होती. संसदेतले बहुसंख्य सदस्य युद्धाच्या विरोधात होते. तरी २६ एप्रिल १९१५ रोजी सरकारने लंडनमध्ये गुप्त करार केला, चौकाचौकांत युद्धवाद्यांचे जमाव जमले, राजाने वजन टाकलं आणि मे महिन्यात देश लढाईत उतरला. संसदेला वळसा घालून, रस्त्यावरच्या गर्दीच्या आणि राजवाड्याच्या जोरावर एवढा मोठा निर्णय रेटता येतो, हे इटलीने पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

मुसोलिनी तोवर समाजवादी होता. साधासुधा नव्हे, पक्षाच्या मुखपत्राचा संपादक. १९१४ मध्ये त्याने युद्धाची बाजू घेतली आणि पक्षाने त्याला काढून टाकलं. त्याच सुमारास त्याने स्वतःचं वृत्तपत्र काढलं. त्यात इटलीतल्या उद्योगपतींचा आणि फ्रान्सचा पैसा होता.

युद्धात इटलीची सुमारे सहा लाख माणसं मेली. बहुतेक शेतकऱ्यांची मुलं. ऑक्टोबर १९१७ मध्ये कापोरेत्तोला सैन्याची फळी कोसळली, तेव्हा सैनिकांना धीर द्यायला सरकारने जमिनी देण्याचं बोलणं सुरू केलं. युद्ध जिंकलं. घरी परतलेल्यांना जमीन मिळाली नाही, काम मिळालं नाही, आणि पगाराच्या किंवा पेन्शनच्या पैशात पूर्वीइतकी भाकरीही येईना. त्यांच्यातच हजारो तरुण अधिकारी होते. वीस-बावीस वर्षांची मुलं, ज्यांनी शंभर-शंभर माणसांना हुकूम दिले होते. त्यांना आता कारकुनीसुद्धा मिळेना.

त्यात तहाच्या वाटाघाटीत इटलीला हवा तेवढा मुलूख मिळाला नाही. कवी गाब्रिएले द'अन्नुंझिओने या विजयाला ‘पंगू विजय’ म्हटलं आणि ते शब्द देशभर पसरले. सप्टेंबर १९१९ मध्ये तो स्वतःच बंडखोर सैनिक घेऊन एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या फिऊमे शहरात घुसला आणि सव्वा वर्ष तिथे राज्य करत बसला. सज्ज्यावरून भाषणं, गर्दीशी सवाल-जवाब, हात उंचावून सलाम, हे सगळं मुसोलिनीने तिथून उचललं. त्याहून महत्त्वाचा धडा वेगळा होता. सैनिकांनी उघड आज्ञा मोडली तरी रोमचं सरकार महिनोन्‌महिने गप्प बसतं, हे त्याने नीट पाहून ठेवलं.

(दृश्य : १९२० चे कारखाने. फाटकावर बंदूकधारी कामगार, वर लाल झेंडे.)

आता संसदेकडे वळू. १९१९ मध्ये इटलीने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, पद्धत स्वीकारली. ५०८ जागांपैकी समाजवाद्यांना १५६ मिळाल्या, कॅथलिकांच्या नव्या पॉप्युलर पक्षाला १००. हे दोघं एकत्र आले असते तर सरकार बनू शकलं असतं. पण एकाला चर्च नको, दुसऱ्याला क्रांती नको. समाजवादी तर कोणत्याच सरकारात जायला तयार नव्हते. रशियात झालं ते आपल्याकडेही होणार, या खात्रीवर ते बसून होते. मग जुन्याच उदारमतवादी पुढाऱ्यांनी कामचलाऊ सरकारं चालवली. जून १९१९ ते ऑक्टोबर १९२२ या काळात चार पंतप्रधान झाले.

सप्टेंबर १९२० मध्ये मिलान, तोरिनो, जेनोव्हा इथल्या कामगारांनी कारखान्यांचा ताबा घेतला. चार लाखांहून जास्त कामगार. पंतप्रधान होते जोव्हानी जोलिट्टी, ७७ वर्षांचे, मुरलेले. त्यांनी गोळी चालवली नाही. कामगार थकण्याची वाट पाहिली, मग मध्यस्थी केली आणि कारखाने शांतपणे मालकांकडे परत गेले.

मला हा जोलिट्टींच्या आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. पण त्याचा परिणाम उलटा झाला. मालकांना वाटलं, सरकारने आपल्याला वाऱ्यावर सोडलं. कामगारांना वाटलं, आपल्या नेत्यांत दम नाही. क्रांतीची लाट तिथेच ओसरली होती. तिची भीती मात्र ओसरली नाही. फॅसिस्टांनी, म्हणजे मुसोलिनीच्या माणसांनी, इटलीला बोल्शेविकांपासून, म्हणजे रशियासारख्या क्रांतीपासून, वाचवलं, असं पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तारखा पाहिल्या तर ते खोटं ठरतं. फॅसिस्टांची वाढ सुरू झाली ती कारखाने रिकामे झाल्यावर. ती शहरात झाली नाही, शेतशिवारात झाली.

(दृश्य : पो नदीचं खोरं. सपाट शेतं, कालवे, धुकं.)

पो नदीचं खोरं म्हणजे इटलीची सर्वांत सुपीक जमीन. बोलोन्या, फेर्रारा, राव्हेन्ना, रोव्हिगो हे जिल्हे. इथे मोठमोठे जमीनदार होते आणि त्यांच्या शेतावर राबणारे लाखो भूमिहीन शेतमजूर. वर्षातले कित्येक महिने त्यांच्या हाताला काम नसे. तीस-चाळीस वर्षं झगडून त्यांनी संघटना बांधल्या. युद्धानंतर त्या एवढ्या बळकट झाल्या की मजूर कोणी कुणाकडे पाठवायचे, हे संघटनेची कचेरी ठरवू लागली. किती जमिनीला किती मजूर ठेवलेच पाहिजेत, हेही करारात आलं. नांगरट नसली तरी हिवाळ्यात मजुरी द्यावी लागे. गावोगावी नगरपालिका समाजवाद्यांच्या हातात, शेजारी सहकारी भांडार, शेजारी ‘लोकगृह’, म्हणजे संध्याकाळी जमायची, वाचायची, नाचायची जागा. सहकारातून गाव कसं उभं राहतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

पण या व्यवस्थेत एक जागा दुखरी होती. गावात फक्त जमीनदार आणि मजूर नव्हते. खंडाने किंवा अर्धेलीने कसणारे होते. युद्धात चार पैसे साठवून दोन एकर घेतलेले छोटे शेतकरी होते. त्यांनाही सुगीला घरची माणसं सोडून संघटनेचे मजूर लावावे लागत. नाही लावले तर बहिष्कार. दुकानदार माल देत नसे, नाल ठोकणारा घोड्याला हात लावत नसे. त्यातच समाजवादी पक्ष जाहीर म्हणत होता की सगळी जमीन समाजाच्या मालकीची करू. ज्याने जन्मभर खपून नुकता सातबारा नावावर केलाय, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? मजुरांची बाजू न्यायाची होती, असं मी मानतो. पण या मधल्या माणसाला त्यांनी शत्रू करून ठेवलं, आणि ती चूक त्यांना फार महाग पडली.

२१ नोव्हेंबर १९२०. बोलोन्यात नवा समाजवादी महापौर सूत्रं घेणार होता. फॅसिस्टांनी धमकी दिलेली होती. चौकात गोळीबार झाला, नगरपालिकेच्या इमारतीतही गोंधळ माजला. दहाएक माणसं मेली, बहुतेक समाजवाद्यांचेच लोक. सभागृहात विरोधी पक्षाचा एक नगरसेवकही मारला गेला आणि वर्तमानपत्रांनी तेवढाच मृत्यू उचलून धरला. त्या दिवसापासून खोऱ्यातल्या जमीनदारांनी थैली सैल सोडली.

काळे सदरे घातलेल्या टोळ्या रात्री ट्रक भरून गावात यायच्या. ट्रक जमीनदाराचा किंवा थेट लष्कराकडून आलेला. हातात दंडुके, पिस्तुलं. मजूर संघटनेची कचेरी जाळायची. पुढाऱ्याला घरातून ओढून काढायचं, बायकामुलांसमोर झोडपायचं, आणि एरंडेल तेलाची बाटली नरड्यात ओतायची. एरंडेल पाजण्यामागे खास हेतू होता. गावाने ज्याला मान दिला, त्याची कपडे खराब झालेल्या अवस्थेत गावासमोर विटंबना करायची. मार विसरता येतो. या अपमानानंतर कित्येकांनी गाव सोडलं.

पोलीस काय करत होते? बहुतेक वेळा बघत होते. कितीदा तर फॅसिस्ट जाऊन आल्यावर पोलीस यायचे आणि ज्याने मार खाल्ला त्याच्याच घराची झडती घ्यायचे. न्यायाधीश फॅसिस्टांना सोडून द्यायचे. रोमहून कायदा पाळण्याची परिपत्रकं निघत, जिल्ह्यात ती गुंडाळून ठेवली जात. शेकडो संघटना, सहकारी संस्था, वाचनालयं जळाली. संघटना मोडली की जमीनदार नवी अट घालायचा : काम हवंय ना, मग फॅसिस्टांच्या संघटनेत ये. मजूर गेले. पोटासाठी गेले. १९२० संपताना फॅसिस्टांचे सुमारे वीस हजार सभासद होते. वर्षभरात ते दोन लाखांच्या वर गेले.

जुलै १९२२ च्या अखेरीस फेर्राराचा टोळीप्रमुख इतालो बाल्बो राव्हेन्नात उतरला. तिथलं सहकारी संस्थांचं मुख्यालय त्याच्या माणसांनी जाळलं. मग त्याने पोलिसांकडूनच ट्रक मागून घेतले आणि चोवीस तासांहून जास्त वेळ राव्हेन्ना आणि फोर्ली जिल्ह्यांत एकेक लाल कचेरी पेटवत हिंडला. हे कोणी त्याच्यावर केलेले आरोप नाहीत. त्याने स्वतः रोजनिशीत अभिमानाने लिहिलंय.

(दृश्य : सेनिओ नदीचा उंच बांध.)

या राव्हेन्नाजवळून सेनिओ नावाची लहानशी नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी तिच्या बांधावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर वाहून आणलं, मग परत जाऊन जर्मन मशीनगनच्या चौक्या मोडून काढल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आदल्या वर्षी, १० जुलै १९४४ ला, माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे तायबर नदीच्या खोऱ्यात असेच लढता लढता पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. अहमदनगर आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तरुणांना इटलीच्या मातीत लढावं लागलं, त्याची सुरुवात शोधत मागे गेलं की आपण या जळत्या सहकारी कचेऱ्यांपाशी येऊन पोचतो.

(दृश्य : रोम. संसद भवन, १९२१.)

जोलिट्टी हे सगळं पाहत होते. त्यांना वाटलं, ही पोरं तापट आहेत, संसदेत आणून बसवली की थंड होतील. समाजवाद्यांचं बळही कमी होईल. मे १९२१ च्या निवडणुकीत त्यांनी फॅसिस्टांना सरकारी आघाडीच्या यादीत घेतलं. ३५ फॅसिस्ट खासदार झाले. त्यांत मुसोलिनी. दीड वर्षापूर्वी ज्याची अंत्ययात्रा निघाली, त्याला देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित पुढाऱ्याने स्वतःच्या यादीतून संसदेत नेलं. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत घातक निर्णय. मारहाण करणारे आता केवळ टोळीवाले उरले नाहीत. ते सरकारचे साथीदार झाले.

डावीकडे तोवर फूट पडत होती. जानेवारी १९२१ मध्ये लिव्होर्नोच्या अधिवेशनात कम्युनिस्ट वेगळे झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये, ऐन मोक्याला, मवाळ समाजवाद्यांनाही पक्षाने हाकललं. ऑगस्टमध्ये कायद्याच्या राज्यासाठी सार्वत्रिक संप पुकारला होता. तो फसला. फॅसिस्टांनी ट्राम आणि गाड्या चालवून दाखवल्या, मिलानची नगरपालिका ताब्यात घेतली, समाजवाद्यांच्या मुखपत्राची कचेरी जाळली. मध्यमवर्गाने सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि मुसोलिनी? तो एकेक दार ठोठावत होता. १९१९ मध्ये तो प्रजासत्ताकवादी होता, धनिकांवर कर मागत होता, चर्चच्या विरोधात होता. सप्टेंबर १९२२ मध्ये त्याने जाहीर केलं की राजेशाहीला आमचा विरोध नाही. उद्योगपतींना सांगितलं, सरकारने उद्योगात लुडबुड करू नये. चर्चविषयी तो आदराने बोलू लागला. जोलिट्टी, सालांद्रा, निट्टी, प्रत्येक जुन्या पंतप्रधानाच्या माणसांशी त्याची वेगवेगळी बोलणी चालू होती. प्रत्येकाला वाटत होतं, हा माझ्या मंत्रिमंडळात येईल.

(दृश्य : पाऊस. चिखलातून चालणारे काळ्या सदऱ्यातले लोक.)

२७ ऑक्टोबर १९२२ च्या रात्री फॅसिस्टांनी प्रांतोप्रांती कचेऱ्या आणि तारघरं बळकावायला सुरुवात केली. रोमकडे टोळ्या निघाल्या. पुढे पुस्तकांतून या प्रकाराला ‘रोमवर चाल’ म्हणून मोठं रूप दिलं गेलं. खरं चित्र असं होतं : पाऊस कोसळत होता. लष्कराने शहराबाहेरच रेल्वे अडवली होती. काही हजार माणसं रोमपासून कित्येक किलोमीटरवर भिजत, उपाशी थांबली होती. कित्येकांकडे बंदूकच नव्हती. रोममध्ये जनरल पुल्येझे यांच्या हाताखाली सुमारे २८ हजार सैनिक सज्ज होते. मुसोलिनी या टोळ्यांसोबत नव्हता. तो मिलानमध्ये होता, आणि तिथून स्वित्झर्लंडची सरहद्द जवळ होती.

२८ तारखेला पहाटे पंतप्रधान लुईजी फाक्ता यांच्या मंत्रिमंडळाने एकमताने लष्करी कायदा लावायचं ठरवलं. जिल्ह्या-जिल्ह्यांत तारा गेल्या. रोमच्या भिंतींवर जाहीरनामे चिकटले. फक्त राजाची सही बाकी होती. सकाळी फाक्ता कागद घेऊन राजवाड्यावर गेले. व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही करायला नकार दिला.

का? सैन्य आपलं ऐकेल की नाही, अशी त्याला धास्ती होती. चुलतभाऊ आओस्ताचा ड्यूक फॅसिस्टांच्या जवळचा, त्याला गादीवर बसवतील, हीही शंका. यादवी नको, असं तो नंतर सांगत राहिला. ही सगळी कारणं खरी धरली, तरी कागदाच्या मागे २८ हजार सैनिक उभे होते, हे उरतंच. जाहीरनामे भिंतीवरून काढून टाकण्यात आले. फाक्तांनी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी मिलानला बोलावणं गेलं, आणि मुसोलिनी रात्रीच्या गाडीने, झोपायच्या डब्यातून, रोमला निघाला. टोळ्यांना शहरात संचलन करू दिलं ते ३१ तारखेला, तो पंतप्रधान झाल्यावर.

१६ नोव्हेंबर. मुसोलिनी संसदेत उभा राहिला आणि म्हणाला की हे कळकट सभागृह मी माझ्या तुकड्यांची छावणी करू शकलो असतो. त्याच सभागृहाने त्याच्यावर विश्वास दाखवला : ३०६ विरुद्ध ११६. त्याचे स्वतःचे खासदार होते जेमतेम ३५. बाकीची मतं उदारमतवाद्यांची आणि कॅथलिकांची. जोलिट्टी, सालांद्रा, ओर्लांदो, बोनोमी, चारही माजी पंतप्रधान त्याच्या बाजूने होते.

(दृश्य : ज्याकोमो मात्तेओत्ती यांचं छायाचित्र.)

आता एका माणसाबद्दल. ज्याकोमो मात्तेओत्ती. पो नदीच्या मुखाकडच्या, रोव्हिगो जिल्ह्यातल्या सधन घरातले, पण मजुरांच्या बाजूने उभे राहिलेले समाजवादी खासदार. जानेवारी १९२१ पासून ते संसदेत सांगत होते की खोऱ्यात काय चाललंय. त्यांनी गावांची नावं घेतली, घटना मोजून दाखवल्या. पोलिसांची साथही उघडी पाडली. त्याच वर्षी फॅसिस्टांनी त्यांना पळवून नेऊन छळलं, जिल्ह्यात पाऊल ठेवायला मनाई केली. ते बोलायचे थांबले नाहीत.

१९२३ मध्ये संसदेने आचेर्बो कायदा मंजूर केला : ज्या यादीला सर्वाधिक मतं, आणि ती किमान २५ टक्के, तिला दोन तृतीयांश जागा. कॅथलिक पक्ष अडवू शकला असता. पण त्याचे नेते, धर्मगुरू लुईजी स्तुर्झो, यांना व्हॅटिकनच्या दबावामुळे आधीच पद सोडावं लागलं होतं. एप्रिल १९२४ मध्ये दंडुक्यांच्या सावलीत निवडणूक झाली आणि सरकारी यादीला सुमारे दोन तृतीयांश मतं मिळाली.

३० मे १९२४ रोजी मात्तेओत्ती उठले. आरडाओरडा, धमक्या, टेबलं बडवणं चालू असताना त्यांनी एकेक गैरप्रकार वाचून दाखवला आणि निवडणूक रद्द करा म्हणाले. १० जूनला दुपारी, रोममध्ये तायबरच्या काठी, पाच जणांनी त्यांना मोटारीत कोंबलं. १६ ऑगस्टला शहराबाहेरच्या रानात प्रेत सापडलं. वय ३९.

देश हादरला. सरकार खरोखर डळमळलं. विरोधी खासदार संसद सोडून बाहेर पडले, कारण त्यांना वाटलं, आता राजा कृती करेल. त्यांनी पुरावे राजापुढे ठेवले. राजाने कानावर हात ठेवले. उद्योगपती, सेनापती, व्हॅटिकन, कोणालाच सरकार पडायला नको होतं. तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांनीसुद्धा खुनानंतर सिनेटमध्ये मुसोलिनीच्या बाजूने मत दिलं. पुढे ते त्याचे कडवे विरोधक झाले, पण तोवर वेळ गेली होती.

सहा महिने वाट पाहून ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनी संसदेत म्हणाला की जे जे घडलं त्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक जबाबदारी मी एकटा घेतो. संविधानातलं कलम ४७ वाचून दाखवलं, ज्यानुसार सभागृह मंत्र्यावर आरोप ठेवू शकतं, आणि विचारलं, आहे कोणी? कोणी उठलं नाही. नोव्हेंबर १९२६ पर्यंत सगळे पक्ष बंद झाले, विरोधी वृत्तपत्रं बंद झाली, खास न्यायालय आलं, कम्युनिस्ट पुढारी आंतोनिओ ग्राम्शी तुरुंगात गेला.

राजा मात्र राजाच राहिला. इथिओपियावरच्या आक्रमणानंतर तो तिथला सम्राट झाला. १९३८ च्या ज्यूविरोधी कायद्यांवर त्याने सही केली. २५ जुलै १९४३ रोजी, दोस्त सैन्य सिसिलीत उतरल्यावर, त्याने मुसोलिनीला बोलावून घेतलं, पदावरून काढलं आणि बाहेर पडताच अटक करवली. ज्या संविधानाखाली हे केलं, ते १९२२ मध्ये होतं तेच होतं.

२ जून १९४६ ला इटलीच्या जनतेने, त्यात देशपातळीवर पहिल्यांदाच स्त्रियांनीही, मतदान करून राजेशाही संपवली. नव्या राज्यघटनेने फॅसिस्ट पक्ष पुन्हा उभारायला मनाई केली, आणि राजघराण्यातल्या माजी राजांना व पुरुष वारसांना इटलीत यायलाही बंदी घातली. ती बंदी उठायला २००२ साल उजाडावं लागलं.